चिंचेनं घासलेला कुत्रा

१७ ऑक्टो. ९६, गुरु.
खालच्या मजल्यावरच्या पंजाबी आजींनी, बीजींनी, आज कुत्रा आणून दिला. भाजक्या मातीचा, आतून पोकळ, गुबगुबीत. दोनेक हजार वर्षांपूर्वी मेक्सिकोत मेलेल्याच्या सोबतीला थडग्यात ठेवायचे, तसला. बीजींचे मिस्टर तिकडे इंजिनियर होते, तेव्हा आणलेला. आता ते गेले. कुत्रा आमच्या म्युझियमला द्यायचा, खाली पाटीवर त्यांचं नाव. "बस यही काम रह गया है, बेटा."

खरा की नकली, मी ठरवायचं. पोटाला भोक पाडून नमुना घ्यायला बीजींची साफ मनाई. मग पुरावा एकच, अंगावरचे काळे ठिपके. शेकडो वर्षं मातीत राहिल्याशिवाय असे पडत नाहीत. भिंगातून पाहिले. अस्सल वाटतात.

२० ऑक्टो., रवि. खंडेनवमी
सकाळी सेक्टर २२च्या बाजारात गेलो, कॅमेऱ्याचा रोल संपलेला. कुत्र्याचे फोटो राहिलेत. आईसाठी झेंडूही घेतला.

परत येतो तो पाटावर माझी हत्यारं मांडलेली. ब्रश, चिमटे, भिंग, सगळं धुऊनपुसून, हळदकुंकू लावून. आई सांगलीहून आलीय, इथंही सगळं यथासांग. आणि मधोमध कुत्रा. लख्ख.

"किती मळला होता रे! डाग जाईनात, मग चिंच लावून काथ्यानं घासला."

कानामागे पाहिलं, पायांत पाहिलं. एक ठिपका नाही. ओरडलो. ते डागच पुरावा होते म्हणून फार ओरडलो, सणाच्या दिवशी. तिच्या हातात अजून काथ्या होता.

२१, सोम. दसरा
आई बोलत नाही. सोनं देऊन पाया पडलो, "सुखी राहा" एवढंच. धड जेवलीही नाही. तिची कसली चूक? दुसऱ्याची वस्तू घरी आणून हत्यारांच्या टेबलावर उघडी टाकली मी. वीस वर्षं हेच काम करतोय. गाढव.

२४, गुरु.
म्युझियमच्या साहेबांना सगळं सांगितलं. ठिपके मी स्वतः पाहिलेत, असं लिहू का?
"फोटो है?"
नाही.
"तो फिर मिट्टी का खिलौना है, जी."
सोमवारी वस्तू घ्यायची की नाही ठरवणाऱ्या समितीची बैठक. वीट आलाय. बीजींना सांगायला जिना अर्धा उतरलो, परत वर आलो.

२७, रवि.
बीजीच वर आल्या. आईनं भीत भीत कुत्रा पुढे केला. बीजींनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. "हाय रब्बा, कितना चमक गया! माताजी, आपने किया?"

"हां जी. चिंच से घासा." आई आठवड्यात पहिल्यांदा हसली.

"वो देखते तो..." बीजी आईचे हात धरून रडल्या. मग पाटीवर घालायचं नाव कागदावर लिहून माझ्या हातात दिलं. "कल पक्का ना?"

मी चहाचं विचारलं. चहा पिऊन त्या खाली गेल्या.

कपबशा उचलता उचलता आई म्हणाली, "मी सांगते त्यांना, डागांचं. घासला मीच ना?" हिंदी तिला धड येत नाही. मी म्हटलं, थांब, उद्याची बैठक होऊ दे.