सर्टिफिकेटवर मुकुंदाची सही

४ मार्च, शुगर लँड
आज आमच्या मिलची दुसरी शिफ्ट बंद. फोरमन डॅरलने लॉकर रिकामा केला, जाताना एवढंच म्हणाला, ‘यू टेल देम.’ भारतातला पाइप इथे आमच्या खर्चाहूनही कमी किमतीत येऊन पडतोय. त्यावर अँटिडम्पिंग ड्यूटी, म्हणजे असल्या स्वस्त मालावरचा जादा कर, लागावी म्हणून वॉशिंग्टनला व्यापार आयोगापुढे सुनावणी आहे. मिलतर्फे साक्ष मी देणार. पहिल्या नोकरीत बाई म्हणून भट्टीजवळ उभं राहू देत नव्हते मला! आहे अभिमान, का नसावा?

९ मार्च
इम्पोर्टेड पाइपचे तुकडे लॅबमध्ये आणवले. ताणले, चेपले, वाकवले. एक फेल होईल तर शपथ. सोबतचं टेस्ट सर्टिफिकेट उलटलं, खाली सही मुकुंदाची. माझा धाकटा भाऊ, नागपूरकडच्या मिलमध्ये क्वालिटीला. मायक्रोस्कोपखाली स्टील बघायला मीच शिकवलं त्याला, गाढव तेव्हा जांभया द्यायचा.
आमच्या वकील रेवाला लगेच सांगून टाकलं. इथेच एडिसन गावात वाढलेली पोर, मराठी सगळं समजतं, बोलते इंग्लिश. म्हणाली, आयोगालाही कळवू, लपवायचं नाही. बाकी विचारतील तेवढंच बोल, मावशी.

१८ मार्च, वॉशिंग्टन
झालं एकदाचं. शेजारी आमच्याच बाजूचा, दुसऱ्या मिलचा साक्षीदार. म्हणे इम्पोर्टेड पाइप म्हणजे जंक. डोकंच फिरलं. आयोगाने मला विचारलं, तुम्हालाही तसंच वाटतं? रेवाने टेबलाखाली पाय दाबला. दाबू दे.
म्हटलं, “नाही. मी स्वतः तपासलाय. आमच्याइतकाच चांगला आहे. करणाऱ्यांना काम येतं.”
बाहेर आले ती केस घालवली असं धरूनच. रेवा हसत होती. तिचं म्हणणं, माल हलका असता तर स्वस्त का, याला कारण मिळालं असतं. तोडीस तोड आहे, म्हणजे गिऱ्हाईक आपल्याला सोडतं ते निव्वळ किमतीपायी.
“मावशी, दॅट वॉज अवर बेस्ट एव्हिडन्स.”
कौतुक करायला गेले आणि मुकुंदाच्याच पोटावर पाय दिला.

२३ मार्च, शुगर लँड
सकाळी मुकुंदाचा फोन. साक्ष त्याने वाचली होती. शिव्या खायच्या तयारीने बसले, तर माझं ते वाक्य छापून लॅबच्या भिंतीवर लावलंय म्हणे.
“ताई, तिथे उभं राहून आमच्या मालाला चांगलं म्हणणारं दुसरं कोण आहे?”
ऊर भरून आला. पण पुढचं दोघांनाही ठाऊक. ड्यूटी लागली तर त्यांची एक्स्पोर्ट लाइन थांबेल, हा त्याच लाइनवर. नाही लागली तर डॅरल घरीच. माफी मागणार होते, नाही मागितली. बोलले ते खरं होतं, दोन्हीकडच्या पाइपबद्दल.
आयोगाचं मतदान शुक्रवारी. निकाल लागला की दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, पहिला फोन तूच कर, म्हणाला. हो म्हटलंय.