पालथं चित्र

कोल्हापूर, मंगळवार

प्रिय महामायाताई,
सप्रेम जय भीम.

माझी काळजी करू नको. व्याख्यानं सुरळीत चालली आहेत, घसाही शाबूत आहे. आईचा गुडघा कसा आहे?

काल तिचा फोन आला होता. म्हणाली, "तुह्या टाळ्यांपायी माह्या पोरीनं विहारात जाणं सोडलं. काऊन दाखवलं बे तिचं चित्र लोकायले?"

विहारात भरणाऱ्या तुमच्या चित्रांच्या वर्गाची रीत मला ठाऊक होती. काढलेलं चित्र भिंतीकडे तोंड करून टांगायचं आणि मनात येईल तेव्हा ज्याचं त्यानंच ते फिरवायचं. तुझं अजून पालथंच होतं. गेल्या महिन्यात डोणगावला आलो तेव्हा मी ते फिरवून फोटो काढला. इथल्या सभेत तो पडद्यावर दाखवून तुझ्या आजारपणावर बोललो. मनाच्या आजाराची लाज कसली, असं गरजलो. लाज तुला नव्हतीच, ताई. तुला वेळ हवा होता, तो मी हिसकावला.

त्या सभेचा व्हिडिओ नेटवर टाकला होता, तो काढून टाकायला लावला आहे. पण गावातल्या किती मोबाइलवर तो पोचला, देव जाणे म्हणायचीही मला सोय नाही.

वर्ग घेणाऱ्या वंदनाताई सांगत होत्या, औषधांच्या जोडीला रंग हातात आल्यापासून तुला झोप लागते. ती माझ्यामुळे जाऊ नये.

रविवारी विहारात जा. मला माफ करावंसं वाटलं नाही, तरी जा.

तुझा अपराधी भाऊ,
प्रसेनजित