बाबांचा काळा रंधा

३ जानेवारी

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

इकडे सर्व ठीक. तुझी भाची मात्र डोकं खाते आहे. काही लाकडं तरंगतात, काही बुडतात, ते का, असं शाळेत बाईंनी विचारलं. झालं! हिने घरातले लाकडी चमचे, पट्टी, खुंट्या सगळं बादलीत घातलं. सगळं तरंगलं, ह्यांच्या काठीची निखळलेली काळी लाकडी मूठ तेवढी तळाला गेली. म्हटलं, सुतारमामाला विचार. मला काय कळणार! बाबांचा रंधा माझ्या हातून हरवला त्या दिवसापासून मी कारखान्याच्या उंबऱ्याबाहेर. आहेच मी धांदरट. अजूनही कुलूप लावलं की तीनदा ओढून बघते. ह्यांना तो रोजचा विनोद झालाय.

उत्तर लवकर धाड, नाहीतर ती खुर्च्याही बुडवून बघेल. लोभ आहेच, तो आटू देऊ नये.

तुझी टिटवी

११ जानेवारी

चि. टिटवीस, अ. उ. आ.

भाचीला सांग, लाकडाचं मूळ द्रव्य सगळीकडे जवळपास सारखंच, आणि ते पाण्याहून जड. फरक आतल्या पोकळ्यांचा. बारीक नळ्यांत हवा भरपूर असली की लाकूड तरंगतं. काळ्या लाकडाच्या भिंती जाड, हवेला जागाच नाही. तेवढ्याच पाण्याहून ते जड भरतं आणि तळ गाठतं.

हे मी बारा वर्षांचा असताना शिकलो. कसं, ते सांगायला एकतीस वर्षं लागली. तुझं ते कुलूप ओढणं वाचलं आणि ताटावरून उठून लिहायला बसलो.

रंधा तू हरवला नाहीस. मी त्याची होडी केली. लोखंड बुडतं एवढी अक्कल होती, म्हणून पातं काढून ठेवलं. कारखान्यातला प्रत्येक तुकडा मागच्या तळ्यात तरंगताना पाहिलेला. लाकूड म्हणजे तरंगणारच! पण रंधा त्या काळ्या लाकडाचा, हातातून सुटला तो सरळ खाली. बाबांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, शेवटी टिटवीच्या हातात होता.

तुझा हात माझ्याहून सरळ चालायचा. धंदा हीच चालवील, असं बाबा म्हणायचे. तो मला मिळाला. बाबा गेले तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. पातं कपाटात तेलाच्या फडक्यात आहे. मला स्वतःची लाज वाटते. माफी कुठल्या तोंडाने मागू?

तुझा अपराधी,
दादा

२ फेब्रुवारी

ती. दादास, सा. न.

तीन आठवडे लिहिलं नाही. लिहिण्यासारखं चांगलं काही मनात नव्हतं. बाबा इतक्यांदा बोलले, की रंधा तळ्याकाठच्या गवतात विसरल्याचं मला चक्क आठवायला लागलं होतं. ते ओलं गवतसुद्धा. आणि पोरीला मी साधी करवत धरू दिली नाही, आईवर गेली असेल म्हणून.

राग आलाय, दादा. तो जाईल तेव्हा जाईल. तू घाई करू नकोस. पातं पाठवू नकोस. एक चांगला ठोकळा काढून ठेव. रविवारी पोरीला घेऊन येते. त्या पात्याला नवं अंग मी करणार. लाकूड तरंगणारं असलं तरी चालेल. तू एकच कर. उंबऱ्याशी ये आणि मला आत बोलाव.

बाकी भेटीत. लोभाचं तेव्हा बघू.

टिटवी

ता. क. आज कुलूप लावलं आणि न ओढता निघाले. कोपऱ्यावरून परत येऊन ओढून पाहिलंच. लागलेलं होतं.