रविवारचे अकरा

प्रिय प्रतीक,

पाकीट बघून हसशील. रोज फोन हातात असताना ह्याला आता पोस्टाची कसली हौस आली, म्हणशील. पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. मी तोंड उघडायच्या आत माझीच समजूत घालायला लागतोस, आणि ते आता मला सोसत नाही. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

क्लबची बातमी आधी सांगतो, ती छोटी आहे. आपण दहा उरलो आहोत. तू पुण्याला गेलास, मागोमाग चौघे नोकऱ्यांसाठी गेले, दोघांची लग्नं झाली. मी मोठ्या तोंडाने जाहीर केलं की हा नव्याने उभारणीचा हंगाम. इथल्या शिवाजी नगरच्या जिममधून पोरं पकडून बरखेड्याच्या मैदानावर आणली. ती येतात, हेल्मेट घालून फोटो काढतात आणि दुसऱ्या दिवशी अंग ठणकलं की दिसत नाहीत. अमेरिकन फुटबॉल म्हटल्यावर निम्म्यांना अजून वाटतं चेंडू पायानेच मारायचा. पहिल्या सामन्याला दहाच जण पोचलो. जबलपूरवाले हात मिळवून, न खेळता जिंकून गेले. येत्या रविवारी इंदूर. तेव्हाही अकरा झाले नाहीत तर नियमाप्रमाणे लीगमधून आपलं नाव जाणार. आठ वर्षं, प्रतीक! तुझ्या क्वार्टरच्या मागच्या भिंतीवर खडूने खेळी आखून आपण दोघांनी हे सुरू केलं होतं. सुचेता म्हणते, बंद करा एकदाचं, तुमच्या जर्सी चोळून माझे हात गेले. तिचं काही चुकत नाही. मी हल्ली ऑफिसात फाईल उघडून नुसता बसतो. साहेबांनी दोनदा विचारलं, तब्येत बरी आहे ना.

तुझ्या जागी आता अनिकेत चेंडू फेकतो. वीस वर्षांचा, हात चांगला आहे. घरी मराठी बोलतात, पण एकोणसाठ म्हटलं की माझ्या तोंडाकडे बघतो. खेळीचे आकडे, इशारे सगळे मराठीतच द्यायचे हा आपला हट्ट आठवतो? जबलपूरवाले म्हणायचे, ‘ये लोग मैदान में पहाड़े पढ़ रहे हैं.’ आणि इंदूरचे निम्मे आपलेच, त्यांना अक्षर न् अक्षर कळायचं, तरी आपण आपले गुपित सांगितल्यासारखे ओरडायचो. काय शहाणे होतो आपण! आता एकच मराठी इशारा शिल्लक आहे, ‘माझा’. नव्या पोरांना मी पहिल्या दिवशी शिकवतो. मधला माणूस, म्हणजे मी, वाकतो, पायांमधून चेंडू मागे देतो आणि समोरून येणाऱ्याला अडवतो. चेंडू ज्याच्या हातात, त्याची नजर लांब असते. अंगावर कोण येतंय ते त्याला दिसत नाही, तो सगळा मधल्याच्या भरवशावर. येणारा माणूस दोघांच्या मधून घुसू बघत असेल तर मधल्याने ‘माझा’ म्हणून ओरडायचं. शेजाऱ्याने ते ऐकलं की त्याला सोडून दुसरा धरायचा. हे एवढं मी घाईघाईने उरकतो. अनिकेत मागून पाठीवर थाप मारतो आणि म्हणतो, ‘जितू भैया, आप आगे हो तो टेंशन नहीं.’

माझ्या शेजारी आता बाळू नाही. गेल्या हंगामाच्या शेवटच्या सामन्यापासून त्याने मैदानावर पाय ठेवलेला नाही. तुझ्या अंगावर आलेला माणूस बाळूने सोडला, असं तेव्हा सगळे म्हणाले. तुझ्या गुडघ्याचं पहिलं ऑपरेशन झालं तेव्हा म्हणाले, दुसरं झालं तेव्हाही म्हणाले. बाळूने ते एकदाही नाकारलं नाही. तू तर म्हणालास की चूक तुझीच, तू चेंडू फार वेळ धरून ठेवलास. काठी टेकत स्टेशनवर गाडीत चढलास आणि वर मलाच मिठी मारून म्हणालास, क्लब सांभाळ.

त्या सामन्याच्या सकाळी जवाहर चौकात पोहे खाताना तू सगळ्यांना सांगितलंस की पुण्याला नोकरी लागली, हा तुझा शेवटचा सामना. हातात जिलबी होती तुझ्या, हसत होतास. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. मला आधी सांगायला हवं होतंस रे. आठ वर्षं तुझ्यापुढे वाकलो, आणि मला ते सगळ्यांबरोबर, पोह्यांच्या ठेल्यावर कळलं. दुपारी इंदूरचा तो उंच पोरगा माझ्या आणि बाळूच्या मधून येणार हे मी आधीच पाहिलं होतं. ‘माझा’ म्हणून मी ओरडलो. बाळूने ऐकलं आणि तो शिकवल्याप्रमाणे दुसऱ्याकडे वळला. मी एक पाऊल डावीकडे टाकायचं होतं. मी टाकलं नाही. पाय घसरला नाही, दमलोही नव्हतो. तू एकदा तोंडावर पडावंस, एवढंच मनात आलं. नुसता पडावास, बस. मग तुझी किंकाळी ऐकली.

परवा बाळूकडे गेलो होतो, रविवारसाठी हातापाया पडायला. त्याने चहा दिला. माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, त्याने ‘माझा’ ऐकलं होतं आणि मी जागचा हललो नाही तेही पाहिलं होतं. प्रतीकला तुझ्या हाताने खरं लिही, मग येतो, एवढंच म्हणाला. म्हणून हे पत्र. खोटं कशाला बोलू, अकरावा माणूस हवा होता म्हणून लिहायला बसलो, नाहीतर मी जन्मभर गप्प राहिलो असतो. माफी मागत नाही. तू लगेच देऊन टाकशील, आणि ती घेऊन मी काय करू? पाकीट टाकायला जाताना वाटेत बाळूला वाचायला देणार आहे. तो शब्दाचा पक्का आहे, रविवारी येईल. पण हे सगळं लिहून झाल्यावर अनिकेतपुढे वाकायची माझी छाती नाही. त्याने ते वाक्य पुन्हा म्हटलं तर मी तिथेच कोसळेन. म्हणजे बाळू येईल, मी नसेन, आणि इंदूरवाले दहा जणांशी हात मिळवून परत जातील.

तुझाच, हे वाचूनही म्हणू देशील तर,
जितू