नाकावरचं वजन

आस्सन, १२ फेब्रुवारी २०१७

चि. श्योर्ड यास,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने रचतोस, म्हणून लिहिते आहे.

खेर्बेनला जाऊन उद्या चार महिने होतील. मी बरी आहे. वेळेवर जेवते, गुरुवारी गायनमंडळाला जाते. तुझ्या भावाचे कोट अजून खुंटीवरच आहेत, त्याबद्दल विचारू नकोस.

विषय कॅरव्हॅनचा आहे, आमच्या चाकांवरच्या घराचा. शेतकरी वीरस्मांचं पत्र आलं. ज्या कोठारात आम्ही हिवाळ्यात कॅरव्हॅन ठेवतो तिथे आता ते कांदे ठेवणार आहेत. पंचवीस मार्चच्या शनिवारी सगळ्यांनी आपापल्या कॅरव्हॅन बाहेर काढून न्यायच्या आहेत. आमची ओढायला माझ्याकडे काहीच नाही. खेर्बेनची जुनी व्हॅन डिसेंबरच्या तपासणीत नापास झाली. मेकॅनिकने खालून स्क्रूड्रायव्हर लावला तो आरपार वर आला. मग बिचारा माझ्याकडे न बघता बोलत राहिला.

वीरस्मा म्हणाले की होखेफेनचा एक माणूस कॅरव्हॅन न्यायला तयार आहे, त्याला ती कोंबड्यांसाठी हवी आहे. मला ती कोंबड्यांना द्यायची नाही. मला मे महिन्यात नेहमीसारखं डेन्मार्कला, लिमफ्योर्डच्या काठी जायचं आहे. एकटीने, स्वतः चालवत. इतकी वर्षं मी शेजारी बसून नकाशा धरला.

मी दोन व्हॅन पाहिल्या आहेत. एक निळी, मोठी, खेर्बेनच्या व्हॅनसारखीच. तिच्यात बसलं की समोरचं कुंपण दिसत नाही. दुसरी पांढरी, लहान, एका बेकरीवाल्याची. दार उघडलं की मनुकांच्या पावाचा वास येतो. तू तीस वर्षं लोकांना गाडी शिकवलीस. कुठली घेऊ ते सांग.

आणखी एक. मागच्या दारच्या वाटेवर सहा फरशांची जागा अजून रिकामी आहे, पाऊस पडला की डबकं होतं. मी दर वर्षी विचारायची आणि खेर्बेन म्हणायचा की उन्हाळ्यानंतर बघू. कोणाला दिल्या होत्या त्याने? तुला माहीत असेल तर मागून आण.

लोभ आहे तसाच असू दे.
तुझी वहिनी,
रेनस्के

*

हार्लिंगन, १७ फेब्रुवारी

ति. रेनस्के वहिनीस,
सा. न. वि. वि.

त्रेसष्ट वर्षांच्या माणसाला चिरंजीव म्हणणारं आता तुझ्याशिवाय कोणी उरलं नाही. ते सोडू नकोस.

निळी घे. ओढणारी गाडी ओढल्या जाणाऱ्या गाडीपेक्षा भारी असावी, हे मी तीस वर्षं सांगत आलो. अडचण एवढीच की निळीच्या मागे कॅरव्हॅन जोडली की दोघींचं कागदावरचं वजन साडेतीन टनांच्या वर जातं, आणि तुझं लायसन्स तिथे संपतं. दादाने त्यासाठी वेगळी परीक्षा दिली होती. तुला ती उन्हाळ्याआधी मिळत नाही, मी चौकशी केली. म्हणून मी चालवतो. तू शेजारी बसून नकाशा धर.

पांढऱ्या बेकरीवालीचं म्हणशील तर तिचे कागद मी पाहिले. ती अकराशे किलो ओढते, त्यापुढे एक पावही नाही. तुमची कॅरव्हॅन भरलेली किती भरते हे दादाने कधी सांगितलं नाही. इथून बटाटे भरून डेन्मार्कला नेणारा माणूस, म्हणजे हजाराच्या वरच धर. डेन्मार्कात बटाटे पिकतात हे मी त्याला नकाशावर दाखवलं होतं.

आधी ती वीरस्मांच्या वजनकाट्यावर घाल. मग नाकावरचं वजन मोज. कॅरव्हॅनचा पुढचा दांडा व्हॅनच्या हुकावर किती भार टाकतो, ते वजन. न्हाणीघरातला काटा घे, त्यावर झाडूच्या दांड्याचा तुकडा उभा कर आणि त्यावर नाक टेकव. पन्नासच्या खाली नको, पंचाहत्तरच्या वर नको. नाक हलकं असलं की मोठ्या रस्त्यावर कॅरव्हॅन शेपूट हलवायला लागते, आणि मग कोण कोणाला ओढतंय ते कळत नाही.

फरशांबद्दल मला काही माहीत नाही. फरशी उसनी मागणारा शेजारी मी अजून पाहिलेला नाही. दादाने ती अजस्र व्हॅन घेतली तेव्हा मी विचारलं होतं, काडेपेटी ओढायला एवढं धूड कशाला. म्हणाला, बागेतली वाट न्यायची असते. मी खूप हसलो होतो. तो नाही हसला, पण तो हसायचाच कधी?

माझ्यावरचा राग पत्र संपेपर्यंतच ठेव.
तुझा,
श्योर्ड

*

आस्सन, २७ फेब्रुवारी

चि. श्योर्ड यास,
अनेक आशीर्वाद.

राग नाही. पण नकाशा धरायला मी येणार नाही, हे आधी लिहून ठेवते.

काल वीरस्मांनी ट्रॅक्टर लावून कॅरव्हॅन त्यांच्या बटाट्यांच्या काट्यावर घातली. अकराशे सेहेचाळीस. त्यांनी दोनदा पाहिलं आणि विचारलं की गेल्या वर्षीचे बटाटे अजून आत आहेत का. नाकावर एकाहत्तर. म्हणजे नाक तुझ्या मापात बसतं, पण वजन पांढरीच्या मापाबाहेर जातं. सेहेचाळीस किलो जास्त.

एवढं कशाचं असेल ते मला कळेना, म्हणून एकेक वस्तू बाहेर काढून पाहिली. खुर्च्या हलक्या. भांडी मी दरवर्षी मोजकीच घेते. शेवटी पुढची, नाकाजवळची पेटी उघडली. गॅसची टाकी, पाण्याची नळी, तंबूचं जुनं कापड. कापडाखाली फरशा.

सहा आहेत. आमच्याच. एकीवर मांजराचा पंजा आहे. कारखान्यात ओल्या सिमेंटवरून कुठलंसं मांजर गेलं असावं. घर घेतलं तेव्हा ती मी स्वतः निवडून दाराजवळ बसवून घेतली होती. ती ओळखायला चष्मा लागला नाही.

मी पायरीवर बसले. वीरस्मांनी कॉफी हवी का विचारलं, मी हो म्हणाले.

श्योर्ड, त्या तिथे काय करत होत्या? आधी वाटलं, ठेवून विसरला. पण प्रत्येक दोन फरशांच्या मध्ये गालिच्याचा तुकडा आहे, आणि सगळ्यांना मिळून आमचे जुने टॉवेल गुंडाळले आहेत, वाजू नयेत म्हणून. विसरलेल्या वस्तूला कोणी असं गुंडाळत नाही. दर वर्षी मी डबक्यावरून बोलायची आणि तो माझ्या पायापासून चार हातांवर त्या घेऊन डेन्मार्कला जायचा.

तुला काही सुचलं तर कळव.
आशीर्वाद आहेतच.
रेनस्के वहिनी

*

हार्लिंगन, ३ मार्च

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसलो. मग बायकोने विचारलं काय झालं, तर पत्रच तिच्या हातात दिलं.

बागेतली वाट न्यायची असते. सरळ उत्तर दिलं होतं त्याने. हा माणूस आयुष्यभर सरळ उत्तरं देत आला आणि आम्ही त्याला मिश्कील म्हणत राहिलो.

कशासाठी, ते मी सांगू शकतो. नाक जड करण्यासाठी. एका फरशीचे नऊ किलो धरले तर सहांचे चोपन्न झाले. त्या बाहेर काढल्यास तर कॅरव्हॅन पांढरीच्या मापात बसेल, पण बेकरीवाल्याला अजून शब्द देऊ नकोस. आधी फरशांशिवाय नाक मोज. माझा अंदाज आहे की ते फार हलकं निघेल. कॅरव्हॅन कारखान्यातून अशी येत नाही. मागच्या टोकाला काहीतरी जड गेलंय, ज्याचा तोल राखायला त्याने पुढे दगड भरले. त्याने मागे काय बसवलं? आठवून बघ. फ्रिज? जादा टाकी?

उत्तराची वाट बघतोय, आणि खरंच बघतोय. कालपासून दोनदा टपालपेटीत हात घालून आलो.

तुझा,
श्योर्ड

*

आस्सन, ८ मार्च

चि. श्योर्ड यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा अंदाज बरोबर निघाला. फरशांशिवाय नाकावर सव्वीस.

मागे काय बसवलं ते आठवायला वेळ लागला नाही. मी त्याच्यावरच बसले होते. पलंग.

तो मूळचा पुढे होता. दहा वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, लिमफ्योर्डच्या काठी पहिल्याच सकाळी, मी म्हणाले होते की पडल्या पडल्या पाणी दिसलं असतं तर बरं झालं असतं. मोठी खिडकी मागे आहे ना. कॉफी होईपर्यंत मीच ते विसरले. त्या हिवाळ्यात त्याने पलंग मागे नेला आणि बसायची जागा पुढे आणली. मी कारण विचारलं तर म्हणाला की पुढची भिंत दमट आहे, गादी कुजेल. मला पटलं. गायनमंडळात मी दोघीतिघींना सांगितलंही की पुढच्या भिंतीला ओल धरते, जपा.

काल मी ती भिंत खालपासून वरपर्यंत हाताने चाचपून पाहिली. कोरडी आहे.

त्या पलंगावरून नऊ वर्षं रोज सकाळी मी पाणी पाहिलं. एकदाही माझ्या लक्षात आलं नाही. त्याला काय झालं होतं सांगायला? मी म्हटलं असतं की नको इतका खटाटोप. तेच त्याला ऐकायचं नसेल.

आज जास्त लिहीत नाही.
रेनस्के वहिनी

*

हार्लिंगन, १२ मार्च

ति. वहिनीस,
सा. न. वि. वि.

शिक्षक म्हणून लिहितो. सव्वीसवर तू वीरस्मांच्या आवाराच्या फाटकाबाहेरही जायचं नाहीस. मला दोन रस्ते दिसतात. एक, पलंग परत पुढे न्यायचा. मी ड्रिल घेऊन येतो, दोन दुपारींचं काम आहे, मग बेकरीवाली खुशाल घे. दोन, पलंग राहू दे, फरशा परत पेटीत, निळी व्हॅन, आणि चालवायला मी. तिसरा रस्ता कोंबड्यांकडे जातो.

आता दीर म्हणून. मी चालवतो असं लिहिलं तेव्हा तुला विचारलं नव्हतं. आमच्या घरात विचारायची पद्धत नाही, ते तुझ्या आता लक्षात आलंच असेल. म्हणून विचारतो. तुला काय हवंय?

शनिवारला तेराच दिवस उरलेत.
तुझा,
श्योर्ड

*

आस्सन, १९ मार्च

चि. श्योर्ड यास,
अनेक आशीर्वाद.

विचारलंस, बरं वाटलं. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण आधी मोजून बघायचं होतं.

पलंग मी पुढे नेणार नाही. त्याने जिथे नेला तिथेच राहील. पण तो दोघांचा आहे. खेर्बेनने तो दोन भागांत केला होता, मधोमध चार स्क्रू. शुक्रवारी मी ते सोडवले आणि त्याची बाजू बाहेर काढली. फळी, गादी, आणि तिच्याखाली त्याची हत्यारांची पेटी, गळ, रबरी बूट. खिडकीकडची बाजू माझी, ती ठेवली. मला वाटलं होतं दिवस जाईल. अर्ध्या तासात झालं.

वीरस्मांनी गादीचं एक टोक धरलं. मग आम्ही नाक मोजलं. एक्कावन्न.

एक्कावन्न तुझ्या मापात बसतं, पण काठावर. म्हणून पंजाची फरशी मी टॉवेलात गुंडाळून परत पेटीत ठेवली. अठ्ठावन्न झाले. डेन्मार्कात जमीन भुसभुशीत असते, पुढच्या चाकाखाली फरशी उपयोगी पडेल. मोठ्या काट्यावर सगळं मिळून आता अकराशेच्या बरंच खाली आहे, बटाटे धरून. हो, बटाटे नेणार आहे.

पांढरी व्हॅन काल घरी आली. बाजूवरची बेकरीची अक्षरं पुसली आहेत, पण ऊन तिरपं पडलं की वाचता येतात. समोरच्या बाईंनी आजच विचारलं की पाव कोणत्या वारी असतो.

शनिवारी तू ये. कोठारातून मी बाहेर काढेन, तू मागे उभा राहा, पण मला आरशात दिसशील असा. ओरडू नकोस, हात कर. तुझे विद्यार्थी तुझा हात आधी ओळखायचे की आवाज, ते मला ठाऊक आहे. आवारात दोन फेऱ्या, मग मोठ्या रस्त्यावर तू शेजारी बस आणि गप्प राहा. तुझं समाधान झालं तर मे महिन्यात मी एकटी जाईन. झालं नाही तर तसं स्पष्ट सांग, मी आणखी शिकेन. नकाशा लागणार नाही, रस्ता मला पाठ आहे.

उरलेल्या पाच फरशा मी काल वाळू घालून मागच्या वाटेवर बसवल्या. दाराजवळची एक जागा तेवढी रिकामी आहे आणि पाऊस झाला की तिथे पाणी साचेल. साचू दे. फरशी कुठे आहे ते मला आता माहीत आहे.

शनिवारी आठला ये. कॉफी तयार असेल.
तुझ्यावर लोभ आहे, आणि तो तुला सांगूनच ठेवते.
रेनस्के वहिनी