आमचा पाट का तापतो

१६ ऑगस्ट १९६६, मंगळवार
आजपासून रोजनिशी. देवनागरीत लिहिणार. आमच्या गल्लीत मराठी बोलणारी अकरा घरं आहेत, पण देवनागरी वाचता येणारा मी एकटाच. बायको कमलाक्षीसुद्धा तमिळच वाचते. तेव्हा वही ओट्यावर उघडी टाकली तरी कुलपात ठेवल्यासारखीच.

निमित्त: मद्रासहून पत्र आलं. मी मानद निरीक्षक झालो! समुद्रकाठी कुठेतरी अणुवीज केंद्र काढायचं घाटत आहे. ते सुरू झालं की गरम पाणी बाहेर पडणार. त्याने मासे, बेडूक, शेवाळ, पिकं यांचं काय होतं ते पुढे कळावं, म्हणून आधीच गावोगावच्या पाण्याची वर्षभर नोंद ठेवायची. किरणांचं काम दुसऱ्या खात्याकडे आहे, आमच्याकडे नाही. आमच्याकडे पाणी. सोबत तांब्याच्या नळीत एक थर्मामीटर आणि एक छापील रजिस्टर.

सूचना: सकाळी सहाला, प्रवाहाच्या मध्यात, गटार-घाटापासून निदान शंभर पावलं दूर. ज्याचं रजिस्टर उत्तम, त्याला किनाऱ्यावर कायम निरीक्षक नेमणार. ती जागा माझीच. एकतीस वर्षं कालवे खात्यात पाण्याची उंची लिहिली. एवढ्या वर्षांत एकाही वरिष्ठाने काठावर येऊन 'सेतुमाधवराव, तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं नाही. जूनमध्ये रिटायर झालो, तेव्हापासून कमलाक्षी मला शेंगा निवडायला देते. आता बघू.

संकल्प: पहाटे साडेपाचला उठणे. नोंदीआधी कॉफी नाही. कुणावरही विश्वास नाही.

१७ ऑगस्ट, बुधवार, सकाळी ८-१०
घड्याळाने दगा दिला. गजर झाला होता असं कमलाक्षी म्हणते. मला ऐकू आला नाही, अर्थात झाला नाही. मग कॉफी घेतलीच, कारण रिकाम्या पोटी आकडा चुकतो.

शंभर पावलांवर चिखल आणि काटे. माझा गुडघा त्यांना ठाऊक नाही. घरामागेच पाटाच्या कडेला करंजाच्या सावलीत दगडी पायरी आहे, ती ठरवली. शेजारी गल्लीचं गटार पाटाला मिळतं, पण शेवटी पाणी ते पाणीच. शास्त्राला सावलीचं वावडं नसावं.

तापमान ८९ फॅरनहाइट. मासे: नाहीत. बेडूक: तीन, त्यांतला एक संशयास्पद.

१८ ऑगस्ट, गुरुवार, ८-१५
तापमान ८२! एका दिवसात सात अंश उतरलं. हवा तीच, ऊन तेच. थर्मामीटर झटकून पाहिला. ८२.

काहीतरी आहे.

२८ ऑगस्ट, रविवार
आज नोंद झाल्यावर बारा दिवसांचे आकडे मांडून बसलो. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार: पाणी गरम. रविवार, सोमवार, गुरुवार: थंड. दुसऱ्या आठवड्यातही अगदी तसंच.

सूर्य वार बघून तापत नाही. वार बघतो फक्त माणूस, आणि तोही नोकरदार. याचा अर्थ उघड आहे. केंद्र घाटत वगैरे काही नाही, ते सुरू झालेलं आहे आणि इथेच आहे! चार दिवस काम, तीन दिवस सुट्टी. जागा: इथल्या जुन्या मराठा राजांच्या राजवाड्याखालची भुयारं. ती आहेत हे सगळ्यांना माहीत आहे, कुणी पाहिलेली नाहीत. लपवायला याहून चांगली जागा कोणती? मग आमच्याकडून नोंदी कशाला, तर आम्हाला कळतं का हे बघायला.

कमलाक्षीला विचारलं, मंगळवारी-शुक्रवारी तिला काही वेगळं जाणवतं का. ती म्हणाली, "अहो, मंगळवारीं-शुक्रवारीं तर आम्ही बायका..." मी तिथेच थांबवलं. सरकारी बाब आहे, घरात चर्चा नको. ती तमिळमध्ये 'सरि', बरं, म्हणून नारळ खवायला गेली.

९ सप्टेंबर, शुक्रवार, ८-४०
तापमान ९०. पाण्यावर तपकिरी फेस. शिवाय तेलाचा तवंग, ऊन पडलं की सात रंग दिसतात. यंत्राला तेल लागतंच. पुरावा म्हणून लोणच्याच्या बाटलीत भरून घेतलं.

कमलाक्षीने बाटली हुंगली आणि पदर तोंडाला लावून हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वायूचा परिणाम असावा. रजिस्टरमध्ये 'मनुष्यावर परिणाम' असा रकाना नाही. मी आखला.

१४ सप्टेंबर, बुधवार
रंगरावांवर नजर ठेवायला हवी. शेजारी राहतात, पोस्टमास्तर होते, आणि फार चौकशा करतात. आज विचारत होते की पायरीवर बसून हिंदी लिहितां काय, गेल्या वर्षीच्या हिंदीविरोधी गडबडीनंतर जरा जपून असावें. मराठी आहे म्हटलं. ते म्हणाले, मराठी तर आम्हीही बोलतों, लिहून कशाला ठेवायची? बोलण्यात अर्थ आहे.

निरीक्षण: रंगराव बुधवारी आणि शनिवारी ओल्या डोक्याने हिंडतात. डोळे लाल. नेमके तेच दिवस पाणी गरम. भुयारात उष्णता फार असणार, बाहेर पडताना डोक्यावर पाणी ओतून घेत असतील. मीही शनिवारी न्हातो आणि माझेही डोळे लाल होतात, पण माझं कारण मला माहीत आहे.

१६ सप्टेंबर, शुक्रवार
रंगरावांची बायको हिराबाईही सामील. केस ओले, मोकळे, आणि घरातून धूर. कसला धूर म्हणून सहज विचारलं. केसांना ऊद देते म्हणाली. किती पटकन उत्तर आलं! आधीच ठरवून ठेवल्याशिवाय इतकं पटकन येत नाही.

बायका मंगळवार-शुक्रवार, पुरुष बुधवार-शनिवार. पाळ्या लावल्या आहेत. आखणी करणारा माणूस हुशार दिसतो.

१ ऑक्टोबर, शनिवार
साडेपाचला उठण्याचा संकल्प पुढच्या महिन्यावर. पहाटे उठून उपयोगही नाही. सहाला पाणी थंडच असणार, गुन्हेगार आठनंतर कामाला लागतात. शनिवारी तर माझं न्हाणं झाल्यावरच नोंद घेतो. अंग स्वच्छ, मन स्वच्छ. आज ९१, नेहमीच्या शनिवारांपेक्षाही जास्त. माझ्या पायरीजवळच काहीतरी शिजतंय.

दीड महिन्याचा अहवाल पाठवला. नकाशासह.

२० ऑक्टोबर, गुरुवार
मद्रासहून उत्तर नाही. म्हणजे गांभीर्याने घेतलंय. गंभीर गोष्टींना लगेच उत्तर देत नाहीत.

ट्रंक माळ्यावरून काढली. गल्लीत सांगून टाकलं की संक्रांतीनंतर आम्ही किनाऱ्यावर. कमलाक्षी म्हणाली की ती येणार नाहीं, खाऱ्या वाऱ्याने भांडीं खराब होतात; आणि तुम्हांला बोलावलें आहे काय? मी म्हटलं, अशा गोष्टी शब्दांत सांगत नाहीत. तिने ट्रंकेत चिंच भरून ठेवली.

खरं सांगायचं तर ही जागा मिळाली नाही तर काय करायचं, हे मला माहीत नाही. उरलेलं आयुष्य शेंगा निवडत काढायचं? हे वाक्य उद्या खोडणार आहे.

११ नोव्हेंबर, शुक्रवार, दिवाळी, सकाळी ६-२०
तार करून आत्ताच आलो.

आज इथे तीननंतर कुणाला झोपू देत नाहीत. कमलाक्षीने कढत पाण्याने न्हाऊ घातलं. पाचला नवं धोतर नेसून सहज पायरीवर गेलो. ९७!! पुन्हा पाहिलं. ९७. पाटभर फेस, वर वाफ. बेडूक पळून गेले. एरवी पुरुषांची पाळी वेगळी, बायकांची वेगळी. आज दोन्ही एकदम. चारही बाजूंना धडाधड आवाज. फटाके आहेत म्हणतात. आत काही फुटलं तर तो आवाज झाकायला यापेक्षा चांगला दिवस सापडेल?

तार करायला निघालो. रंगराव दारातच उभे, डोकं ओलं. त्यांनी विचारलं, गंगास्नान झालें का? दिवाळीच्या सकाळच्या न्हाण्याबद्दल गल्लीतला प्रत्येक जण प्रत्येकाला हेच विचारतो. मीही पन्नास वर्षं विचारत आलो. आज पहिल्यांदा लक्षात आलं की हा सांकेतिक प्रश्न आहे. झालं म्हणालो आणि चालू पडलो.

तार: पाणी सत्त्याण्णव. केंद्र राजवाड्याखाली. वरिष्ठांनी त्वरित यावे. सेतुमाधव.

१६ नोव्हेंबर, बुधवार
येत आहेत! शनिवारी, एकोणीस तारखेला, दहाच्या गाडीने. डॉ. राजलक्ष्मी, पाण्यातल्या जीवांच्या तज्ज्ञ. एकतीस वर्षांत पहिल्यांदा वरिष्ठ माझ्या काठावर येणार. मला रडू आलं. कमलाक्षीला कांदा म्हणून सांगितलं. घरात आज कांदा नव्हता.

शंभर पावलांचं त्यांनी विचारलं तर गुडघा दाखवायचा.

१९ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ३
जे घडलं ते क्रमाने लिहितो.

बाई दहाला येणार म्हणून साडेआठला निवांत तेल लावून न्हाणीघरात बसलो. शनिवार चुकवला तर कमलाक्षी जेवायला वाढत नाही. बाई काल पापनाशमला उतरल्या होत्या, तिथले निरीक्षक शेषाद्री मास्तर यांचं रजिस्टर बघायला. तिथून सकाळच्या बसने पावणेनऊलाच दारात! मी आतूनच ओरडून सांगितलं की पायरीवर मोजायला सुरुवात करा, आलोच.

भिंतीपलीकडून त्यांचा आवाज येत होता. त्या आकडा वाचत, कमलाक्षी शेजारी उभी. पहिला आकडा ८३. मी घाईघाईने तांबे ओतू लागलो. ८५. आणखी ओतले. ८८. शिकेकाई लावली, भराभर धुतली. ९२! मला आत केवढा आनंद झाला! साहेब आल्या आणि ऐन वेळी केंद्र सुरू झालं!

ओल्या डोक्याने धावत बाहेर आलो. बाईंनी पाण्याकडे पाहिलं, फेसाकडे पाहिलं, मग माझ्या डोक्याकडे. कमलाक्षीला तमिळमध्ये काहीतरी विचारलं. कमलाक्षीने सांगितलं की मंगळवार-शुक्रवार बायकांचं तेलाचं न्हाणं, बुधवार-शनिवार पुरुषांचं, दिवाळीला सगळ्यांचं, आणि सगळ्या गल्लीचं पाणी इथेच येतं. हें सांगायला मी तीन महिने तोंड उघडतें आहे, असंही म्हणाली.

बाई हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मला म्हणाल्या, सर, आत जाऊन अजून चार तांबे ओता. सर म्हणाल्या. मी ओतले. ८९. मग थांबायला सांगितलं. दहा मिनिटांनी ८३. मग साडी खोचून चिखलातून शंभर पावलं वर गेल्या आणि प्रवाहाच्या मध्यात मोजलं. ८२.

त्यानंतर तासभर स्वयंपाकघरात कमलाक्षीशी बोलत बसल्या. पाटाला नवं पाणी येतं तेव्हा कोणते मासे आधी येतात, बगळे कधी जातात, सगळं लिहून घेतलं. मी ओट्यावर बसलो होतो. जाताना माझं अक्षर चांगलं आहे म्हणाल्या.

यावरून काहीच सिद्ध होत नाही. भुयारं आहेतच.

२४ नोव्हेंबर, गुरुवार, ६-००
साडेपाचला उठलो. गजर न लावता. शंभर पावलं गेलो, गुडघ्यापर्यंत चिखल. ८२. मासे: सात, चांदीसारखे. खंड्या एक.

हे ऑगस्टमध्येच करायला हवं होतं. रंगरावांना विनाकारण दोन महिने नमस्कार केला नाही.

३ डिसेंबर, शनिवार
मद्रासहून पाकीट आलं. कायम निरीक्षकाच्या जागेवर पापनाशमचे शेषाद्री मास्तर. त्यांच्या रजिस्टरमध्ये कधी ८२, कधी ८३. इतका कंटाळवाणा माणूस त्यांना हवा होता. आमचं ठिकाण रद्द. थर्मामीटर परत पाठवावा. अहवालाची प्रत सोबत, त्यात आमच्या नावापुढे एकच ओळ: उष्णतेचा उगम, निरीक्षकाचे न्हाणीघर.

फार वाईट वाटलं. कमलाक्षीला पत्र वाचून दाखवलं, ती ओळ सोडून. तिने न विचारता दुसऱ्यांदा कॉफी दिली.

पत्राच्या तळाशी शाईने एक प्रश्न होता, खाली राजलक्ष्मीबाईंची सही. फाईल बंद करण्यासाठी माहिती हवी: आपण एका न्हाण्याला किती तांबे पाणी घेता? एकतीस वर्षं आणि साडेतीन महिन्यांनी वरिष्ठांनी मला काही विचारलं. कार्ड आणलं, नवा टाक काढला.

अठरा तांबे, असं कळवलं. कमलाक्षी म्हणते तीस.