दोनदा वजा झालेला कोपरा

मी, चारुलता षडंगी, वडिलांचे नाव कै. पंडित दाशरथी षडंगी, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार काठजोडी नदीच्या बंधाऱ्यालगत, कटक, हे मृत्युपत्र डोके ठिकाणावर असताना लिहून ठेवते. पुढे 'कोणाच्याही दडपणाशिवाय' असे लिहायची रीत आहे. ते मी लिहीत नाही. दडपण आहे. माझ्या खोलीला बाहेरून कडी असते आणि ती माझे थोरले बंधू अनादि लावतात. मात्र खालच्या मजकुरातले एकही वाक्य त्यांनी सांगितलेले नाही.

डोके ठिकाणावर असल्याबद्दल. मला वेड लागल्याचा दाखला मिळावा म्हणून भाईंनी डॉ. अशेष पटनायक यांना बोलावले. डॉक्टर समोर बसून म्हणाले, "माउसी, शंभरातून सात वजा करत चला."

"कुठवर?"

"मी थांबा म्हणेपर्यंत."

ते थांबा म्हणालेच नाहीत. दोनवर आल्यावर मी विचारले, "आता शून्याच्या खाली उतरू का?" डॉक्टर हसले. भाई दारातून म्हणाले, "याला काही अर्थ नाही डॉक्टर. आकड्यांचं तिच्यातली देवी बोलते. सकाळी काय खाल्लं ते विचारा तिला."

"पखाळ, रात्रीचा पाण्यातला भात," मी म्हटले. "आणि त्यात मीठ नव्हतं."

दाखला भाईंना मिळाला नाही.

कलम पहिले, घराबद्दल. हे घर बापांनी बांधले. ते संस्कृत शाळेत पंडित होते. संध्याकाळी ओसरीवर ते मला आकडेमोडीची सूत्रे शिकवीत. 'निखिलं नवतः, चरमं दशतः' म्हणजे सगळे नवातून, शेवटचा दहातून. अठ्ठ्याण्णव गुणिले चौऱ्याण्णव. शंभरापेक्षा पहिला दोनने कमी, दुसरा सहाने कमी. अठ्ठ्याण्णवातून सहा काढले, ब्याण्णव. बे सक बारा. उत्तर नऊ हजार दोनशे बारा. मी विचारले, "बापा, पण असं का होतं?" त्यांनी चटई पसरली. एका बाजूची पट्टी आत दुमडली, मग दुसऱ्या बाजूची. म्हणाले, "बघ, हा कोपरा दोन्ही घड्यांत आला. म्हणजे दोनदा वजा झाला. एकदाच व्हायला हवा होता, म्हणून एकदा परत द्यायचा. तेच तुझे बारा." त्या दिवसापासून मला कोणत्याही गुणाकाराचे भय वाटले नाही. बापांनी मरणापूर्वी घर आम्हा दोघांच्या नावे निम्मे-निम्मे केले. माझा निम्मा हिस्सा, ओसरीसकट, मी भाईंची सून लिपिका हिला देते. का, ते कलम तिसऱ्यात येईल.

कलम दुसरे, दागिन्यांबद्दल. माझ्याकडे एकच आहे, चांदीच्या तारकामाचा मुकुट. बापा गेले तेव्हा मी मॅट्रिक झाले होते आणि कॉलेजात गणिताला प्रवेशही मिळाला होता. त्याच वर्षी बालियात्रेच्या जत्रेत एका भांड्यांच्या दुकानदाराचा हिशेब मी तोंडी करून दिला. गर्दी जमली आणि एक म्हातारी माझ्या पाया पडली. भाईंनी ते पाहिले. घरी आल्यावर म्हणाले, "शिकलेल्या मुलीनं गुणाकार केला तर त्यात नवल काय? न शिकलेलीनं केला तर लोक पाया पडतात." माझे मॅट्रिकचे प्रमाणपत्र त्यांनी चुलीत घातले. पुढे भाईंनी लोकांत गोष्ट अशी पसरवली की मी शाळेचे तोंड पाहिले नाही आणि सरस्वतीने स्वप्नात येऊन जिभेवर आकडे लिहिले. मी गणितदेवी झाले. व्यासपीठावर उत्तर द्यायचे, रीत सांगायची नाही. ब्रह्मपूरचे एक चांगले स्थळ आले होते. "देवीचं लग्न होत नसतं," म्हणून भाईंनी ते ओसरीवरूनच परतवून लावले. बँकेत माझे खाते नाही. देवीला खाते कशाला. भाईंची गणित संस्था मात्र तीन मजली झाली आणि प्रत्येक वर्गात माझा हार घातलेला फोटो आहे. फोटो उतरवावेत. मुकुट मी भाईंनाच देते. अट एवढीच की त्यांनी तो तासभर स्वतःच्या डोक्यावर ठेवावा. तारा कपाळात रुततात.

कलम तिसरे. लिपिकाची मुलगी मितू नऊ वर्षांची आहे. तिचा बाप मस्कतला नोकरीला. ती मला जेजेमा, म्हणजे आजी, म्हणते. मी तिला चोरून बापांची चटई दाखवली, तेव्हा तिने विचारले, "जेजेमा, मग देवीलाही वजाबाकी करावी लागते?" यंदा सरस्वतीपूजेला भाईंनी मितूला व्यासपीठावर बसवायचे ठरवले. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून, देवी आता हिच्यात आली, असे सांगायचे होते. त्याआधीच तिला शाळेतून काढले होते.

व्यासपीठावर मितूची बोटे गार पडली होती. भाई कानाशी म्हणाले, "चारु, हात ठेव." मी पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थाकडून वर्तमानपत्र मागून घेतले, सभेसमोर त्याच्या दोन कडा दुमडल्या आणि म्हटले, "देवीबिवी काही नाही. हे तुम्हालाही येईल. हा कोपरा बघा." भाईंनी ध्वनिक्षेपक बंद करवला. मग मी ओरडून सांगितले. मागच्या बाकांवरची काही मुले कागद दुमडून बघू लागली होती, ते मी डोळ्यांनी पाहिले. त्या दिवसापासून बाहेरची कडी आहे.

पुढच्या आठवड्यात भाई देणगीदारांकडे गेले असता लिपिकाने कडी काढली. हातात पिशवी, मागे मितू. नवऱ्याची आत्या म्हणून ती मला पिउसी म्हणते. "पिउसी, चला. माहेरी जागा आहे. मितूचं नाव तिथल्या शाळेत घालते."

"माझ्यानं जिना उतरवत नाही ग."

"मी धरते."

"आणि मी घर सोडलं की भाई म्हणतील, वेडी पळून गेली. मग माझी सही कोण मानेल? तू पोरीला घेऊन जा."

ती रडली. मी नाही. तिने जाताना कडी पुन्हा लावली, कारण उघडी दिसली असती तर भाईंनी लगेच पाठलाग केला असता. ती कडी लागताना मी आतून ऐकली. मितू आता संबळपूरला शाळेत जाते, असे डॉक्टर सांगतात. माझा हिस्सा लिपिकाला आहे तो यासाठी, की मितूला कोणी परत आणायला गेले तर तिच्या आईच्या पायाखाली स्वतःची जमीन असावी. चटई आणि बापांची पाटी मितूला.

कलम चौथे, देहाबद्दल. भाईंनी अंगणातले तुळशीवृंदावन हलवून तिथे माझ्या समाधीसाठी संगमरवरी चौथरा घातला आहे. तो माझ्या खिडकीतून दिवसभर दिसतो. मला तिथे ठेवू नये. खाननगरच्या स्मशानात, इतरांसारखे जाळावे. मिरवणूक नको.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील बिरंची महांती यांनी करावी. डॉक्टरांनी त्यांना मेंदूचे तज्ज्ञ म्हणून आत आणले आहे. गळ्यात डॉक्टरांचीच तपासायची नळी आहे आणि ती त्यांनी उलटी घातली आहे. खाली ओसरीवर भाई वर्ग घेत आहेत. मुलांचा पाढ्यांचा आवाज येतो आहे.

संस्थेच्या दाखल्यांवर माझ्या अंगठ्याचा ठसा उमटवतात, कारण देवीला अक्षर येत नाही. बापांनी मला लिहायला शिकवले होते. हा कागद मी स्वतः वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमोर त्यावर सही करते.

(सही) चारुलता दाशरथी षडंगी, मॅट्रिक

साक्षीदार:
१. (सही) डॉ. अशेष पटनायक. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर आहे, अशी मी तपासणी केली आहे.
२. (सही) बिरंची महांती, वकील

ठिकाण: कटक
दिनांक: ३ मार्च २०२०, मंगळवार